राहुटी आणि विधानभवन

नारायणगावच्या राहुट्यांत जत्रेची सुपारी देताना गावकरी फडमालकाशी बराच वेळ घासाघीस करतात. नृत्यावरचा कायदा मात्र बोलण्याविनाही होतो. जुलै २००५मध्ये डान्सबारबंदीचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. तारांकित हॉटेले वगळली. हा भेद उच्च न्यायालयाने २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये अमान्य केला. नर्तकींचा व्यवसायाचा हक्कही मानला. जून २०१४मध्ये सवलत काढून नवे विधेयक आले. ते प्रवर समितीकडे न जाता, चर्चेविनाच संमत झाले. चर्चा झाली असती, तर बारमधले नृत्य आणि फडावरची लावणी यांत शासन नेमका कोणता भेद करते, हे तरी आम्हांला कळले असते. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा पुरस्कार शासनाने सुरू केला तो २००६मध्येच.