डॉक्टरांची झोप आणि रुग्णाची सुरक्षितता: छत्तीस तासांच्या ड्युटीचा इतिहास

एखाद्या मोठ्या सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तुमचा नातेवाईक दाखल झाला असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सकाळच्या राउंडला आलेला तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता सलाईन बघायलाही तोच येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्चार्जचे कागदही तोच लिहितो. काहींना त्याचे कौतुक वाटते. काहींच्या मनात शंका येते की, हा झोपला कधी? आणि न झोपता माझ्या आईच्या औषधाचा डोस लिहिताना याचे डोके ठिकाणावर असेल का?

ही शंका अगदी रास्त आहे. डॉक्टरांच्या ताणावर बोलताना सहसा योगासने, छंद, सुट्टी, कुटुंबाला वेळ असे सल्ले दिले जातात. ते चुकीचे नाहीत. पण डॉक्टर इतके तास का जागतात, ही पद्धत आली कुठून आणि ती बदलायला सुरुवात कोणी केली, हे पाहिले की प्रश्नाचे मूळ समजते.

‘रेसिडेंट’ हा शब्द आला कुठून?

रेसिडेंट म्हणजे निवासी, म्हणजे रुग्णालयातच राहणारा. आज आपण हा शब्द एखाद्या पदासारखा वापरतो, पण सुरुवातीला त्याचा अर्थ शब्दशः तसाच होता. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथील शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड आणि मेडिसिन विभागाचे प्रमुख विल्यम ऑस्लर यांनी जर्मनीतील पद्धत पाहून पदव्युत्तर शिक्षणाची नवी घडी बसवली. शिकणाऱ्या डॉक्टरने रुग्णालयाच्या इमारतीतच राहायचे, चोवीस तास उपलब्ध असायचे. त्याने अविवाहित असावे अशी अपेक्षा असे. शिक्षण किती वर्षांत संपेल हे ठरलेले नसे. हॉलस्टेड यांच्याकडे तीस-बत्तीस वर्षांत मुख्य रेसिडेंटच्या पदापर्यंत पोहोचले ते फक्त सतरा जण.

या पद्धतीने जगाला उत्तम सर्जन दिले, हे मान्य केलेच पाहिजे. ऊती हळुवार हाताळणे, रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणे, ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरणे, या सवयी हॉलस्टेड यांच्या विभागातून पसरल्या.

पण हॉलस्टेड यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनने भूल देता येते हे दाखवले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असलेल्या हॉलस्टेड यांनी सहकाऱ्यांसह कोकेनचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. त्यातून आज दंतवैद्य वापरतात तशी जागेपुरती भूल विकसित झाली, पण प्रयोग करणाऱ्यांना व्यसन जडले. हॉलस्टेड यांना उपचारासाठी रुग्णालयात राहावे लागले. पुढे मॉर्फिनही सुटले नाही. ऑस्लर यांना हे माहीत होते. त्यांनी ते एका गुप्त टिपणात लिहून ठेवले आणि ते टिपण १९६९ साली प्रसिद्ध झाले.

यावरून ‘जागरणाची ही पद्धत कोकेनमधून जन्मली’ असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तसे म्हणणे फार सोपे आणि थोडे अन्यायाचे आहे, कारण पद्धतीचा साचा जर्मनीत आधीच होता. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. हॉलस्टेड स्वतः दर उन्हाळ्यात बराच काळ नॉर्थ कॅरोलिनातील आपल्या शेतघरी जात. प्रमुखांना विश्रांती होती. अखंड उपस्थिती हवी होती ती शिकणाऱ्यांकडून.

आणखी एक फरक लक्षात घ्या. १८८९ च्या रुग्णालयात व्हेंटिलेटर, आयसीयू, अँटिबायोटिक यांपैकी काहीच नव्हते. रुग्ण आठवडेच्या आठवडे राहत. रात्रीचे काम पुष्कळदा देखरेखीचे असे. पुढच्या शंभर वर्षांत रुग्णालय पार बदलले. रुग्ण अधिक गंभीर, मुक्काम कमी, औषधे शेकडो आणि निर्णय मिनिटामिनिटाला. ड्युटीचे तास मात्र जुनेच राहिले.

शांत चेहरा आणि थकलेले शरीर

१८८९ सालीच ऑस्लर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे ‘इक्वॅनिमिटास’ नावाचे भाषण केले. आपल्या भाषेत समचित्तता. संकटात डॉक्टरचा चेहरा आणि डोके स्थिर हवे, हा त्याचा गाभा. सल्ला उत्तमच आहे. घाबरलेल्या डॉक्टरकडे कोणता रुग्ण विश्वासाने पाहील? पण पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ ताणला. थकलो म्हणायचे नाही, रडायचे नाही, मदत मागायची नाही. जो जास्त जागतो तो जास्त चांगला डॉक्टर, अशी समजूत रुजली.

खुद्द ऑस्लर यांचे काय झाले? पन्नाशी ओलांडेपर्यंत रुग्ण, अध्यापन आणि ग्रंथलेखन यांचा भार इतका वाढला की, ऑक्सफर्डहून बोलावणे आले तेव्हा त्यांच्या पत्नीने तार करून ते ताबडतोब स्वीकारा असे कळवले. १९०५ साली ते तुलनेने निवांत अशा त्या पदावर गेले. समचित्ततेचा धडा देणाऱ्या गुरूलाही शेवटी कामाचे ओझेच कमी करावे लागले.

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न

ही पद्धत जवळजवळ शंभर वर्षे तशीच चालली. तिला पहिला मोठा धक्का डॉक्टरांनी दिला नाही. तो दिला एका रुग्णाच्या वडिलांनी.

४ मार्च १९८४ च्या रात्री लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंगाला येणारे झटके यांमुळे न्यूयॉर्कमधील एका नामांकित रुग्णालयात दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेलझिन हे औषध घेत होती. तिला रात्री पेथिडीनचे इंजेक्शन देण्यात आले. ही दोन औषधे एकत्र आली तर जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. तिला पाहणारी इंटर्न पहिल्याच वर्षाची होती आणि त्या रात्री तिच्याकडे आणखी चाळीसेक रुग्ण होते. वरिष्ठ डॉक्टर घरून फोनवर सल्ला देत होते. लिबीची तडफड वाढली तेव्हा तिला बांधून ठेवण्याचा आदेशही फोनवरूनच गेला. पहाटे तिचा ताप १०७ अंश फॅरनहाइटच्या आसपास गेला आणि सकाळी ती दगावली.

तिचे वडील सिडनी झायन हे पत्रकार आणि वकील. माझ्या मुलीला तपासणारे डॉक्टर किती तास जागे होते, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी खटला भरण्यास नकार दिला, पण शिकाऊ डॉक्टरांना इतके तास, इतक्या कमी देखरेखीखाली राबवणाऱ्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. पुढे १९९५ साली दिवाणी खटल्याचा निकाल लागला, तेव्हा ज्युरीने दोष डॉक्टरांवर आणि लिबीवर विभागला, कारण तिने कोकेन घेतल्याचे लपवले असा बचावपक्षाचा दावा होता. त्या मृत्यूचे नेमके कारण काय यावर वाद राहिला. पण तासांचा प्रश्न पुन्हा झाकला गेला नाही.

डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने नियम केला: शिकाऊ डॉक्टरने आठवड्याला सरासरी ८० तासांहून अधिक आणि सलग २४ तासांहून अधिक काम करायचे नाही. साऱ्या अमेरिकेत ८० तासांची मर्यादा यायला २००३ साल उजाडले. ८० तास म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज साडेअकरा तास. आणि ही होती सुधारणा! युरोपात २००९ पासून शिकाऊ डॉक्टरांनाही आठवड्याला सरासरी ४८ तासांचा नियम लागू आहे.

जागरण आणि दारू

‘सवयीने जागता येते,’ असे आमच्या पेशात पुष्कळ जण म्हणतात. शरीर मात्र ते मानत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक साधी तुलना केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असणाऱ्याइतकी घसरते आणि २४ तास जागल्यावर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत पोलीस गाडी चालवू देणार नाहीत, जवळपास त्या अवस्थेत आपण कोणाकडून तरी औषधाचे डोस लिहून घेतो.

२००४ साली बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या आयसीयूंमध्ये याची थेट तपासणी झाली. २४ तासांहून लांब ड्युट्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात इंटर्न डॉक्टरांकडून झालेल्या गंभीर चुका, लहान ड्युट्यांच्या वेळापत्रकापेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त होत्या.

मग तास कमी केले की झाले?

तेवढे सोपे नाही. तास कमी केले की दिवसातून अधिक वेळा डॉक्टर बदलतात, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी काहीतरी सांगायचे राहून जाऊ शकते. २०१६ साली अमेरिकेतील शंभराहून अधिक सर्जरी प्रशिक्षणकेंद्रांच्या अभ्यासात, ८० तासांची मर्यादा पाळून ड्युटीच्या लांबीत सूट दिली तरी रुग्णांचे परिणाम बिघडले नाहीत असे दिसले. त्यानंतर २०१७ साली इंटर्नसाठी आणलेली सलग १६ तासांची मर्यादा तिथे मागे घेतली गेली.

दुसऱ्या बाजूला, २०१४ साली नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ड्युटी सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली गेली. रुग्ण किती गंभीर, आतापर्यंत काय झाले, काय करायचे बाकी आहे, काय बिघडू शकते, आणि ऐकणाऱ्याने ते परत सांगायचे. एवढ्याने चुका २३ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे झोप हवी, पण तिच्यासोबत पुरेसे डॉक्टर आणि नीट सोपवणूकही हवी.

थकव्याला नाव मिळाले

‘बर्नआउट’ हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करताना त्याने सहकाऱ्यांचे आणि स्वतःचेही विझत जाणे पाहिले. १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सहकाऱ्यांनी ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आहेत: मनाने पूर्ण रिकामे होणे, समोरचा माणूस ‘केस’ वाटू लागणे, आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटणे. त्यातला दुसरा भाग रुग्णाला लगेच जाणवतो. ‘डॉक्टरांनी मान वर करून पाहिलेही नाही’ ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. प्रत्येक वेळी त्यामागे उद्धटपणाच असतो असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे. म्हणजे उपायही कामाच्या ठिकाणीच शोधायला हवा.

आपल्याकडे काय?

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ सालीच निर्देश दिले होते: निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे, आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. कागदावर आपण न्यूयॉर्कच्या पुढे होतो! प्रत्यक्षात सलग ३६ तासांची ड्युटी आजही नवलाची नाही. ‘मार्ड’ या महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा संप झाला की बातमी बहुधा विद्यावेतनाची होते, पण तास, वसतिगृह आणि सुरक्षितता हे प्रश्नही तितकेच जुने आहेत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे मात्र लिहिलेले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात लांबलचक ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, तेव्हा साऱ्या देशाला कळले की रात्री पाठ टेकायला सुरक्षित खोलीही तिला नव्हती. त्याच महिन्यात आयोगाच्या कृती गटाचा अहवाल जाहीर झाला. आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप हवी, अशी त्याची शिफारस आहे. शिफारस म्हणजे नियम नव्हे.

आमच्यासारख्या खासगी दवाखानेवाल्यांचे तास तर कोणीच मोजत नाही. ज्यांनी शेजारच्या डॉक्टरशी रविवार वाटून घेतले, तेच सुट्टी घेऊ शकतात.

रुग्ण म्हणून तुम्ही काय करू शकता?

• चालू असलेल्या सर्व औषधांची यादी जवळ ठेवा आणि ड्युटी बदलली की नव्या डॉक्टरला दाखवा. मानसिक आजाराची औषधे, दारू, तंबाखू, आयुर्वेदिक औषधे काहीही लपवू नका.

• ‘आता यापुढे कोण पाहणार आणि काय काय करायचे बाकी आहे?’ हे जरूर विचारा. यात डॉक्टरचा अपमान नाही.

• छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक बोबडी वळणे, बेशुद्धी यासाठी रात्री कोणतीही वेळ चुकीची नाही. थेट १०८ ला फोन करा. रिपोर्ट दाखवणे मात्र सकाळपर्यंत थांबू शकते.

• तुमचा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होत असेल आणि ‘झोप येत नाही, कशातच मन लागत नाही’ म्हणत असेल, तर ‘सगळ्यांनाच असते’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती डॉक्टरांसाठीही आहे.

• रुग्णालयातील रिक्त पदे भरा ही मागणी फक्त डॉक्टरांची समजू नका. एका डॉक्टरच्या वाट्याला किती रुग्ण येतात, यावर तुमच्या माणसाची रात्र अवलंबून असते.

न्यूयॉर्कमध्ये तास मोजायला सुरुवात झाली ती एका वडिलांनी प्रश्न विचारला म्हणून. आपल्याकडेही तो प्रश्न रुग्णांनी विचारला तर आम्हा डॉक्टरांना राग येऊ नये. त्यात आमचेही भले आहे.