राख, रक्षा आणि पारा

मराठीत राखेला एकच अर्थ कधी नव्हता. चुलीतली ती राख, स्मशानातली ती रक्षा, देवळातले ते भस्म आणि आजारी लेकराच्या कपाळी लागतो तो अंगारा. भांडी तिनेच घासली जात. कडधान्याला कीड लागू नये म्हणून तीच चोळली जाई. औष्णिक केंद्रांसोबत 'फ्लाय ॲश' हा शब्द आला, पण तो कंत्राटांच्या कागदांतच राहिला. बोलण्यात ती राखच, जुन्या विश्वासासह.

जिंतूर तालुक्यात पूर्णेवर, येलदरीला, साठच्या दशकात धरण झाले. तिथल्या २२.५ मेगावॅटच्या केंद्रात पाणी जसे आत जाते तसेच बाहेर पडते. राख उरत नाही. (पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा हिशेब वेगळा.) गोदावरीपलीकडे परळी वैजनाथला १९७१ साली कोळशावरचा ३० मेगावॅटचा संच सुरू झाला, पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. म्हणजे २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाकाठी हजारभर टन राख. ती पाण्यात कालवून तलावात सोडायची, आणि हे मराठवाड्यात! फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्याअभावी परळीचे सारे संच बंद पडले. राखेच्या वापराचा पहिला केंद्रीय आदेश १९९९चा. तेव्हापासून विटा, सिमेंट, रस्ते यांत ती जाऊ लागली. हे चांगलेच झाले, असे आम्ही मानतो.

पाऱ्याचे तसे नाही. रसशास्त्राने ज्याला शिवाचे तेज मानले, तो पारा कोळशात अत्यल्प असतो; भट्टीत त्याची वाफ होते. स्थिरविद्युत यंत्रणा राखेचे कण धरते, वाफेचा बराच भाग मात्र धुराड्यातून निसटतो. पाण्यात उतरल्यावर जिवाणू त्याचे विषारी संयुग करतात आणि ते माशांत साठत जाते. जो पारा कणांना चिकटून अडतो तो राखेत उतरतो. तेव्हा हवा स्वच्छ करताना राखेचाच प्रश्न जड होतो. दोन्हींचा विचार वेगवेगळा करण्याची सवय आम्हाला म्हणूनच पटत नाही.

पाऱ्यासाठी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा डिसेंबर २०१५मध्ये आली. मिनामाता करार भारताने २०१८मध्ये स्वीकारला. धुरातील गंधक धुऊन काढणारी ओली यंत्रणा पाऱ्याचाही काही भाग धरते. ती बसवण्याच्या सक्तीतून देशातील बहुतेक केंद्रांना जुलै २०२५मध्ये सूट मिळाली.