वालाला नत्र हवे, पण थोडेच

भाताची कापणी उरकली की कोकणातील खाचरांत जी ओल शिल्लक राहते, तिच्यावर वालाचे पीक उभे राहते. हेच वाल पुढे मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत मोड येऊन, सोलून डाळिंब्यांच्या उसळीत उतरतात. वाल हे परंपरेने बिनखताचे पीक. मात्र युरिया हाताशी आणि स्वस्त असल्याने तो वालालाही टाकण्याचा मोह होतो आणि तेथेच गणित चुकते.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असले तरी वनस्पतींना ते थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू या नत्राचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. जर्मनीतील हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८०च्या दशकात हे नाते उलगडले. हा सौदा झाडाला महाग पडतो. त्यामुळे जमिनीत तयार नत्र मुबलक मिळाले की झाड गाठी बांधण्याचे टाळते. असा वाल पाना-वेलांनी फोफावतो, फुलोरा लांबतो, माव्याचे फावते. शेंगा मात्र त्या मानाने धरत नाहीत.

मग नत्र द्यायचेच नाही का? कोकणच्या जमिनीत तसे म्हणून चालत नाही. जांभ्या दगडापासून बनलेली ही आम्लधर्मी माती पावसाळाभर धुऊन निघते. भाताच्या खाचरात पाणी साचलेले असताना उरलेसुरले नत्रही वायुरूपात उडून जाते. उगवणीनंतर गाठी कामाला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या काळाची शिदोरी म्हणून पेरणीच्या वेळी नत्राचा लहानसा हप्ता द्यावा लागतो. कडधान्यांसाठीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २० ते २५ किलो नत्र आणि ४० ते ५० किलो स्फुरद अशी आहे.

हा हिशेब गोण्यांत मांडला की चूक कुठे होते ते दिसते. डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्यांतून १८ किलो नत्र व ४६ किलो स्फुरद मिळते. म्हणजे गरज जवळजवळ भागते. युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांतून मात्र ४१ किलो नत्र जाते आणि स्फुरद शून्य. २०१०च्या पोषणमूल्याधारित अनुदान योजनेतून युरिया वगळला गेला आणि त्याची किंमत सरकारनेच बांधून ठेवली. पिकाला ज्याची गरज अधिक, तेच खत महाग, असा हा उफराटा प्रकार आहे. त्यातही जांभ्याच्या मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. म्हणून खत शेतभर फेकण्यापेक्षा बियाण्याच्या ओळीत, किंचित खाली पेरणे बरे.

जिवाणू संवर्धकाचे २५० ग्रॅमचे पाकीट साधारण १० ते १५ किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळायचे आणि सावलीत सुकवायचे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी. एकत्र कालवल्यास जिवाणू मरतात. उन्हात पडून राहिलेले किंवा मुदत संपलेले पाकीट म्हणजे नुसती काळी पूड! चिखलणीने घट्ट झालेली जमीन नांगरून मोकळी करणेही तितकेच गरजेचे, कारण गाठींना हवा लागते.

गाठी काम करतात की नाही, याची परीक्षा प्रयोगशाळेविना होते. पेरणीनंतर महिनाभराने एखादे रोप मातीसकट हळुवार खणून काढावे आणि मुळावरील गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर वरून नत्र देण्याची गरज नाही. गाठी पांढुरक्या वा हिरवट असतील आणि पानेही पिवळी असतील, तरच थोडे नत्र देण्याचा विचार करावा.

राजमा मात्र या कुळातील असूनही वेगळा. त्याच्या मुळांवर आपल्याकडे गाठी अगदी बेताच्याच धरतात आणि त्याला लागणारे जिवाणूही वालापेक्षा वेगळ्या गटातले आहेत. म्हणूनच राजम्यासाठी हेक्टरी १०० ते १२० किलोपर्यंत नत्र, तेही हप्त्यांत विभागून, सांगितले जाते.