नभोवाणी, चित्रवाणी आणि रंगभूमी : पु. ल. देशपांडे यांच्या कारकीर्दीतील एक दुर्लक्षित पर्व

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (१९१९–२०००) यांच्या चरित्राची रूपरेषा देताना, दिल्लीच्या चित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनी घेतली, एवढ्या एका वाक्यात त्यांचे चित्रवाणीपर्व आटोपले जाते. यातील 'पहिली' हे विशेषण भारतीय चित्रवाणीपुरतेच घ्यावयाचे; कारण नेहरू लंडनच्या बी.बी.सी.च्या पडद्यावर १९५३ सालीच दिसले होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मुलाखत हा नसून, रंगभूमीवर वाढलेला माणूस या नव्या माध्यमाचा निर्माता झाला, त्या घटनेचा अर्थ काय, हा आहे.

१९५५ साली नभोवाणीत प्रवेश करण्यापूर्वीच देशपांडे यांनी नट, नाटककार आणि दिग्दर्शक या नात्यांनी आपली उमेदवारी पूर्ण केली होती. गोगोलच्या नाटकाचे 'अंमलदार' हे रूपांतर १९५२ मधील. पुढील वर्षीच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका एकट्या त्यांचीच. निर्मितीची सर्व अंगे एका हाती ठेवण्याची ही सवय ध्यानात ठेवावी. नभोवाणीने त्यांना श्रुतिकेची शिस्त दिली, तर बी.बी.सी.तील प्रशिक्षणाने नव्या यंत्राची ओळख करून दिली. त्या प्रवासातून 'अपूर्वाई' जन्मास आली व मराठी वाचकाने ती उचलून धरली. ज्या कामासाठी ते इंग्लंडास गेले होते, त्या कामाकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही.

पाहणार तरी कसे? १५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेले दिल्लीचे केंद्र हा प्रयोग होता. युनेस्कोचे वीस हजार डॉलर व १८० संच हे त्याचे भांडवल. आठवड्यातून दोनच दिवस प्रक्षेपण. आणि पल्ला सुमारे ४० किलोमीटरचा. मुंबईहून दिल्लीस जाणारी पंजाब मेल मनमाडच्या फलाटावर थांबत असे, पण दिल्लीचे चित्र मनमाडलाच काय, मथुरेलाही पोहोचत नव्हते. मराठी प्रदेशातील पहिले केंद्र मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. म्हणजे देशपांडे यांचे चित्रवाणीवरील कार्य त्यांच्या हक्काच्या श्रोतृवर्गाने पाहिलेच नाही. त्यातून त्या काळी कार्यक्रम बहुतांशी थेट प्रक्षेपित होत. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती पडावे असे फारच थोडे मागे उरले.

ज्या विनोदकाराचा प्रत्येक विराम प्रेक्षागृहातील हशावर बेतलेला, त्यास मूक कॅमेऱ्यापुढील काम कितपत मानवले असेल, हा प्रश्न पडतो. दिल्लीनंतर लवकरच, १९६१ मध्ये, त्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली व पाठोपाठ 'वाऱ्यावरची वरात' आली. एक माणूस, जुजबी साहित्य आणि समोरच्याशी थेट बोलणे, हा घाट त्यांनी चित्रवाणीवरून उचलला असे म्हणणे धाडसाचे होईल. कीर्तनकाराची परंपरा त्याआधीची व अधिक बळकट आहे. तथापि मायक्रोफोन व कॅमेरा यांनी शिकविलेली जवळीक, नेपथ्याविना आवाज आणि मुद्रा यांवर भरवसा ठेवण्याची वृत्ती, त्या प्रयोगांत मुरलेली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दिल्लीत न मिळालेला हशा त्यांनी येथे येऊन वसूल केला, असेही गमतीने म्हणता येईल!

मुंबई केंद्र निघाले तेव्हा रंगभूमीवरील इतर माणसे निर्मितीत शिरली. 'प्रतिभा आणि प्रतिमा'च्या निर्मात्या सुहासिनी मुळगांवकर या मूळच्या संगीत रंगभूमीच्या, आणि एकपात्री 'सौभद्र'ही त्यांचेच. त्यांचा प्रेक्षक मराठी होता, आणि तो त्यांना पाहू शकत होता. देशपांडे यांच्या वाट्यास दिल्लीत तो आला नव्हता.