कॅमेरा कुठून बघतो?



आपल्या गटाच्या बैठकीचा एखादा फोटो आठवून बघा. साहेब खुर्चीत, आपण सतरंजीवर आणि फोटो काढणारा उभा. साहेबांचा चेहरा नीट येतो, आपले मात्र डोक्यावरचे पदर तेवढे दिसतात. कॅमेरा कुठे ठेवला, त्यावर कोण मोठं आणि कोण लहान दिसणार हे ठरतं. आज त्याचीच जुनी गोष्ट सांगतो.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तेव्हा कॅमेरा बहुतेक एकाच जागी असे, नाटक बघायला बसलेल्या माणसासारखा. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसे. याला लाँग शॉट म्हणतात. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पण पडद्यामागे बाई होतीच. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघायच्या.

पुढच्या वीस वर्षांत कॅमेरा माणसाच्या जवळ आला. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी या जोडप्याने मुंबईच्या उपनगरात, मालाडला, 'बॉम्बे टॉकीज' सुरू केली. तिथे कॅमेऱ्यामागे उभे होते जर्मनीचे जोसेफ विर्शिंग. उजेड-सावलीचा खेळ आणि पडदाभर चेहरा दाखवणारा क्लोजअप यांत त्यांचा हात बसलेला होता.

१९३६ साली इथेच 'अछूत कन्या' तयार झाला. त्यातली कस्तुरी रेल्वे फाटकवाल्याची मुलगी, अस्पृश्य मानलेल्या जातीतली. जिची सावलीसुद्धा लोकांना नको असे, तिचा चेहरा आता सगळ्यांना जवळून बघावा लागला. ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण हेही खरं, की कस्तुरी झालेल्या देविका राणी टागोरांच्या नात्यातल्या, विलायतेत शिकलेल्या होत्या. गोष्ट दलित मुलीची होती, पण ती दाखवणारे हात दुसऱ्यांचे होते.

१९३९ साली महायुद्ध सुरू झालं. विर्शिंग जर्मन, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना अटकेत ठेवलं. त्यांनी वापरलेले नियम मात्र आजही तेच आहेत. कॅमेरा खालून वर बघतो, तेव्हा माणूस मोठा, दरारा असलेला दिसतो. वरून खाली बघतो, तेव्हा तोच माणूस लहान, बिचारा वाटतो. डोळ्यांच्या उंचीवर असला, की बघणारा आणि दिसणारा बरोबरीचे होतात.

मैत्रिणींनो, आता कॅमेरा आपल्याच मोबाईलमध्ये आहे. पुढच्या बैठकीत फोटो काढणारीला सांगा, "बाई, तूही सतरंजीवर बस आणि मग काढ." आणि कुणाच्या शेताची, कामाची किंवा तक्रारीची चित्रफीत करताना तिचा चेहरा जवळून घ्या. पण त्याआधी तिला विचारा, "घेऊ का गं?"