पाणी दिलेले लोखंड

महालच्या बाजारात विळा घेणारे गिऱ्हाईक धार अंगठ्याने चाचपते आणि विचारते, "पाणी नीट दिले आहे ना?" हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना असला पाहिजे.

पारशिवनी तालुक्यात नैकुंद नावाचे गाव आहे. डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी 1978 ते 1980 या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची एक गोल भट्टी मिळाली. वाकदार विटांची भिंत, भात्याचा वारा आत नेणारी मातीची नळी, भोवती मळी. काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा. शिळावर्तुळांखाली आपले मृत पुरणाऱ्या लोकांची ही भट्टी. त्यांच्या थडग्यांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगामसुद्धा निघतात.

अशा भट्टीत लोखंड पातळ होत नाही. मळीने भरलेला सच्छिद्र गोळा उरतो, तो तापवून घणाखाली बडवायचा. मिळते ते मऊ लोखंड. त्याला धार टिकत नाही. तेच लालभडक करून कोळशाच्या विस्तवात तासन्‌तास ठेवले, की कर्ब हळूहळू आत मुरतो. शंभर भागांत जेमतेम पाऊण भाग कर्ब, पण तेवढ्याने लोखंडाचे पोलाद होते.

हा कर्ब तेथे करतो काय? पोलाद सावकाश निवाले तर लोखंडाचे तीन अणू आणि कर्बाचा एक यांचे संयुग बनते. हेच लोहकार्बाइड, शास्त्रज्ञ त्याला सिमेंटाइट म्हणतात. ते अतिशय कठीण आणि तितकेच ठिसूळ. मऊ लोखंड आणि हे कार्बाइड यांचे पातळ पापुद्रे आलटूनपालटून बसतात. मऊ पापुद्रा मार सोसतो, कठीण पापुद्रा झीज. रेल्वेचे रूळ याच बांधणीवर टिकतात. कर्ब दोन टक्क्यांपलीकडे गेला, की ते बीड, घणाखाली फुटते.

पाणी देण्याची गोष्ट निराळी. लाल धार एकदम पाण्यात बुडवली, की कार्बाइड बनायला वेळच मिळत नाही. कर्ब अडकून पडतो. धार कमालीची कठीण होते, पण कडकन तुटते. म्हणून लोहार तिला पुन्हा थोडी ऊब देतो. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढत जातात आणि अडकलेला कर्ब कार्बाइडचे बारीक कण होऊन बाहेर पडू लागतो. कोणत्या रंगावर थांबायचे, ते डोळ्याने ठरते. आम्ही मजुरीच्या दरांसाठी भांडायला बसतो, तेव्हा असला डोळा असलेल्या माणसाचे नाव पुष्कळदा 'अकुशल' या रकान्यात सापडते. कारण विचारावे, तर प्रमाणपत्र नाही!

प्रमाणपत्रवाल्यांना ही बांधणी दिसली ती फार उशिरा. शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी 1863 च्या सुमारास पोलाद घासून, आम्लाने किंचित खाववून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्याच 1863 साली आपल्या नागपूरचे स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडाले. एकाची भिंगे दुसऱ्याच्या थडग्यांपर्यंत पोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. नागपूरजवळच्या महुरझरी येथील एका छिन्नीचा तसा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. छिन्नी पोलादाची होती.