सांध्यांचा खडखडाट

मुर्रीच्या श्रोत्यांना आगगाडीचा खडखडाट समजावून सांगायला नको. गोंदिया शेजारीच आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज केला. रुळांमधील अंतर वाढले, खडखडाट मात्र राहिला. कारण त्याचे घर सांध्यांत होते. प्रत्येक फटीवर चाक आदळे. पुढे रूळ एकमेकांस वेल्डिंगने जोडले गेले, लाकडी स्लीपरांऐवजी काँक्रीटचे आले, रुळाखाली रबरी गादी बसली. खडखडाट ओसरला, आवाजाच्या भरवशावर रूळ ओलांडणाऱ्याचा कान मात्र आता फसू लागला! भुयारात प्रश्न निराळा. तेथे आवाज भिंतींवर आपटून परततो, हादरा वरच्या घरांना पोहोचतो. म्हणून २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या मुंबईच्या कुलाबा-सीप्झ मेट्रोत रुळाखालचे काँक्रीटचे ठोकळेच रबरी बुटांत बसविले आहेत.